खुर्चीतली चूक

सर्जेराव गुरुजींना लकवा मारला त्याला आठ महिने झाले होते, आणि तेवढ्या काळात बेबीनंदाला जगातली प्रत्येक बसायची वस्तू उंचीवरून ओळखता यायला लागली होती. पलंग चालतो. प्लॅस्टिकची खुर्ची मागं सरकते. सोफा तर वैरीच. जालन्याला मुलाच्या घरातला सोफा इतका मऊ होता, की गुरुजी पहिल्याच दिवशी त्यात बसले ते कमरेपर्यंत आत गेले. त्यांना बाहेर काढायला सुमितला आणि सूनबाई संध्याला दोन बाजूंनी ओढावं लागलं. त्या दिवसानंतर गुरुजींनी हॉलमध्ये पाय ठेवला नाही. पस्तीस वर्षं पोरांना ‘उभे राहा’ आणि ‘खाली बसा’ सांगितलेल्या माणसाला स्वतःला उठता येत नाही, हे आल्यागेल्यानं बघावं याची त्यांना मरणाची लाज वाटत होती.

गुरुजी हे नाव साऱ्या टेंभुर्णी गावानं दिलेलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि ‘अहो’ म्हणायला जीभ रेटत नव्हती, म्हणून लग्नानंतर वर्षभरात बेबीनंदानंही तेच उचललं. गावात गुरुजींशिवाय कुणाचा अर्ज लिहून होत नव्हता. विहारातली पुस्तकांची दोन कपाटं त्यांनी उभी केली होती, आणि जयंतीच्या सभेत समतेवर बोलावं तर त्यांनीच. सभा संपली की पंधरा-वीस माणसं घरी यायची. बेबीनंदा आत चुलीपाशी बसून त्यांचा चहा करायची आणि समतेचं उरलेलं भाषण भिंतीपलीकडून ऐकायची. तिला त्यात तेव्हा काही वावगं वाटलं नव्हतं. इकडं जालन्यात मात्र गुरुजींना कुणी गुरुजी म्हणत नव्हतं. कॉलनीतले लोक ‘सुमितचे पप्पा’ म्हणायचे, आणि ते ऐकलं की गुरुजींचा चेहरा पडायचा.

त्यांना गावी जायचं होतं. रोज सकाळी तोच विषय. एकदा वैतागून सुमित म्हणाला, “पप्पा, ज्या दिवशी कोणाचा हात न धरता खुर्चीतून उठताल, त्या दिवशी मी स्वतः टेंभुर्णीला नेऊन सोडतो. शब्द देतो.” बोलून तो एमआयडीसीत कामावर निघून गेला. गुरुजींनी मात्र ते शाळा तपासणीच्या तारखेसारखं मनावर घेतलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंकडून ते दुप्पट व्यायाम करून घ्यायला लागले. डाव्या पायात थोडी ताकद आली. डावा हात तसाच लोंबत राहिला, पण पंजा टेकवला की भार घ्यायला शिकला.

बेबीनंदाला टेंभुर्णीला जायचं नव्हतं.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि खरं म्हणजे कुणी विचारलंही नव्हतं. लकवा मारल्यानंतरचे पहिले दीड महिने तिनं गुरुजींना गावात एकटीनं उठवलं, बसवलं, न्हाऊ घातलं. उजवा खांदा तेव्हा जो दुखावला तो अजून वेणी घालू देत नव्हता. आणि एक दिवस न्हाणीत गुरुजी घसरले. सकाळचे आठ वाजले होते. तिनं काखेत हात घालून ओढलं, पाठीमागून रेटलं, पण देह काही उचलेना. शेजारच्या नागसेनला हाक मारायला ती दाराकडं वळली, तर गुरुजी म्हणाले, “कोणाला बोलवायचं नाही. मला असं कोणी बघायचं नाही.” सेहेचाळीस वर्षांच्या संसारात गुरुजींचा शब्द तिनं मोडला नव्हता, तो त्या दिवशीही मोडला नाही. ओल्या फरशीवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन ती दुपारी बारापर्यंत बसून राहिली. ते थंडीनं कुडकुडत होते आणि ती पदरानं त्यांचे पाय पुसत होती. बारा वाजता नागसेन आपणहून डोकावला म्हणून बरं. नंतर गुरुजींनी बजावलं, हे सुमितला कळता कामा नये. ते त्याला आजपर्यंत कळलं नव्हतं.

इथं जालन्यात गुरुजींना धरायला दोन तरुण माणसं होती. संध्या बियाणं कंपनीतून सहाला यायची, दोन कप चहा करायची आणि एक सासूच्या हातात द्यायची. आयता चहा बेबीनंदाच्या हातात पडायला वयाची पासष्ट वर्षं जावी लागली. पहिल्या दिवशी तो कप घेऊन ती आतच गेली, न जाणो कुणी बघेल. आता ती संध्याच्या शेजारी बसून प्यायची. एवढंच काय ते सुख, पण ते सोडायची तिची तयारी नव्हती.

जुन्या खुर्च्यांची कल्पना संध्याचीच. ती सासऱ्याला मामा आणि सासूला मामी म्हणायची. “मामी, जुन्या काळच्या खुर्च्या उंच असतात, हात लांब असतात. जुन्या जालन्यात एक जण जुन्या खुर्च्या विकत घेऊन नवीन गादी-कापड लावून देतो. हॉलला पण शोभतील. मामांनाच निवडू द्या.” गुरुजींनी ते आतून ऐकलं आणि रविवारी सकाळी सातलाच दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ते तयार झाले. आज आपण उठणार, हे त्यांनी ठरवलं होतं. ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं बेबीनंदाला दिसत होतं.

सुमितचं घर नवीन जालन्यात. पूल ओलांडून जुन्या जालन्यात शिरल्यावर रिक्षा कापडाच्या दुकानांशी अडली. पुढं गल्लीतून चालत जावं लागलं. गुरुजी उजव्या हातातल्या काठीवर, डावीकडून बेबीनंदा, मागं सुमित आणि संध्या. खुर्चीवाल्या अंगदचं दुकान म्हणजे एक लांबोळकी खोली, आणि तिच्यात छतापर्यंत खुर्च्याच खुर्च्या. एक जोडखुर्ची बंद पडलेल्या टॉकीजमधली होती, एक दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातली, चार कुणाच्या तरी लग्नातल्या. काहींचे नुसते सांगाडे होते, काही नवं कापड लेवून तयार.

अंगद पन्नाशीचा, पाठीत वाकलेला माणूस. खुर्चीचं कापड लाकडावर ठोकायला ज्या बारीक खिळ्या लागतात त्यांना चुका म्हणतात. अंगद त्या मूठभर तोंडात धरायचा, जिभेनं एकेक पुढं आणायचा आणि हातोडीनं ठोकायचा. पाहुणे बघून त्यानं त्या तळहातावर काढल्या.

“आम्ही जन्मभर पोरांच्या चुका काढल्या,” गुरुजी म्हणाले, “आणि तू तोंडात धरून बसलायस.”

अंगद हसला, संध्या हसली. आठ महिन्यांत गुरुजींनी केलेली ही पहिली थट्टा होती. बेबीनंदाही हसली.

संध्याला शिरताक्षणी हिरव्या मखमलीची एक गोल पाठीची खुर्ची आवडली. दिसायला खरोखर देखणी, पाय कोरलेले, बैठक फुगलेली. गुरुजींना बसवलं, तर बैठक भस्सकन खाली गेली. त्यांना उठवायला बेबीनंदा आणि सुमित दोघं लागले. दुसरी वेताची होती, ती हलकी म्हणून मागं सरकली. अंगद सगळं बघत होता. तो म्हणाला, “ताई, फोमवर जाऊ नका. बसताना समद्याच खुर्च्या बऱ्या लागतात. उठताना कळती खुर्ची.” मग त्यानं आतून एक सागवानी खुर्ची ओढत आणली.

ती एका जुन्या वकिलांच्या घरची, तो म्हणाला. उंच, सरळ, हात गुडघ्यांच्याही पुढं आलेले आणि पकडायच्या जागी घासून गुळगुळीत झालेले. बैठकीत त्यानं नवार, म्हणजे जाड सुती पट्टा, विणून वर काथ्या दाबून बसवला होता. पाठीला आणि बैठकीला नवं तपकिरी कापड, तीन दिवसांचं काम. बेबीनंदानं तळहात दाबून बघितला. बैठक जेमतेम बोटभर दबली आणि परत वर आली. आठ महिने ती अशीच खुर्ची मनात घेऊन फिरत होती, आणि ती समोर आल्यावर मात्र आपल्याला ती नको होती, हे तिला कळलं.

गुरुजी बसले. पाय जमिनीला बराबर टेकले. त्यांनी काठी सुमितकडं दिली आणि दोन्ही पंजे खुर्चीच्या हातांवर ठेवले. डावा उजव्यानं उचलून ठेवला. बेबीनंदानं सवयीनं त्यांच्या कोपराखाली हात दिला.

“मावशी, हात काढा,” अंगद म्हणाला. “माझी रीतच हाय. गिऱ्हाईक एकलं उठलं पाहिजे, न्हाईतर मी खुर्ची देत न्हाई.”

तिनं हात काढला आणि ती खुर्चीमागं जाऊन उभी राहिली. अंगद गुडघ्यांवर बसून गुरुजींच्या पायांकडं बघायला लागला. सुमित समोर हात पसरून उभा. गुरुजी पुढं वाकले. त्यांची पाठ खुर्चीच्या पाठीपासून सुटली, मान ताठ झाली, दंड थरथरले, आणि ते उठायला लागले. खरंच उठायला लागले. चार बोटं, वीतभर.

बेबीनंदाच्या हातानं त्यांचा सदरा मागून मुठीत धरला. तिनं ठरवलं नव्हतं. हातानं ते परस्पर केलं, आणि धरून ठेवलं.

गुरुजी धपकन खाली बसले. तिनं मूठ सोडली.

“सदरा अडकला,” गुरुजी धापा टाकत म्हणाले. “उठलो होतो मी. मागून ओढलं कशानंतरी. चूक वर आली असेल.”

अंगदचा चेहराच उतरला. सुमितनं गुरुजींना काठीच्या आधारानं उभं करून भिंतीशी टेकवलं. अंगदनं खुर्चीच्या पाठीवरून आधी तळहात फिरवला, मग बोटं, मग गाल लावून बघितलं. काही सापडेना. “काका, बावीस वर्षं झाली हे काम करून राह्यलो. माझ्या हातची चूक वर न्हाई आली कधी.”

“मग सदरा काय भुतानं धरला?” गुरुजींचा आवाज वर्गातला झाला. “काम करावं तर नीट करावं माणसानं. चूक झाली तर कबूल करावी.”

अंगदनं मान खाली घातली. त्यानं पक्कड घेतली, खुर्ची आडवी पाडली आणि पाठीच्या कापडाची पहिली चूक उपटली. मग दुसरी. तीन दिवसांचं काम तो उसवायला बसला होता. बेबीनंदा त्याच्या वाकलेल्या मानेकडं बघत होती. हा आवाज ऐकून अशी मान खाली घालणं तिला चांगलं माहीत होतं, आणि आज तो बिचारा ते तिच्यापायी करत होता.

“थांबा,” ती म्हणाली. “त्या खुर्चीत चूक न्हाई. सदरा मी धरला व्हता.”

अंगदचा हात थांबला. सुमित आधी गोंधळला, मग त्याला वाटलं आपल्याला कळलं. “पडतील म्हणून धरला असशील, आई. होतं असं.”

किती सोपं होतं. नुसतं ‘हो’ म्हटलं की झालं, सगळे हसले असते, आणि अंगदनं दोन चुका परत ठोकल्या असत्या. बेबीनंदानं एकवार गुरुजींकडं बघितलं.

“न्हाई,” ती म्हणाली. “उठू नये म्हणून धरला. हे उठले की मला टेंभुर्णीला जावं लागतंय. मला न्हाई जायचं.”

गल्लीतून एक दुचाकी हॉर्न वाजवत गेली. अंगदनं पक्कड खाली ठेवली.

“आई, का पण?” सुमित म्हणाला. “आपलं घर हाय तिथं.”

“घर हाय. उचलायला मी एकलीच हाय तिथं.” ती सुमितकडं वळली. “हे न्हाणीत पडले व्हते, सुमित. आठपासून बारापर्यंत मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. मला उचलता न्हाई आलं आन् ह्यांनी कोणाला हाक मारू दिली न्हाई. हे गेले असते त्या दिवशी. माझ्या मांडीवर गेले असते, आन् मी हाक न मारता बसून राह्यले असते.”

“ते सांगायचं नाही असं ठरलं होतं,” गुरुजी म्हणाले.

“तुम्ही ठरवलं व्हतं, गुरुजी. मी आजवर पाळलं.”

संध्या तिच्याजवळ आली, पण तिनं अंगाला हात लावला नाही, नुसती शेजारी उभी राहिली. सुमित खाली बघत होता. आपल्या शब्दाचं ओझं नेमकं कुणाच्या खांद्यावर पडणार होतं, हे त्याला आत्ता कळत होतं.

गुरुजींनी आडव्या पडलेल्या खुर्चीकडं बघितलं. मग घसा खाकरून ते अंगदला म्हणाले, “बाबा, माझं चुकलं. तुझ्या कामात खोट नाही. ते परत ठोक.”

अंगदनं दोन चुका तोंडात धरल्या, एकेक काढून जागच्या जागी ठोकल्या आणि खुर्ची उभी केली. गुरुजी काठी टेकत आले आणि बसले. पंजे ठेवले. “कोणी धरू नका,” ते म्हणाले, “कुठूनही.” बेबीनंदा दोन पावलं मागं सरकली आणि तिनं आपले हात पदराखाली घेतले.

ते पुढं वाकले. पहिल्यांदा वीतभर उठून बसले. दुसऱ्यांदा अर्ध्यावर गेले, दंड लटपटायला लागले, कपाळाची शीर फुगली, आणि बेबीनंदाच्या तोंडून नकळत “अजून थोडं” असं निघालं. ते उठले. सरळ झाले. सुमितनं दिलेली काठी उजव्या हातात घेऊन ते दुकानाच्या मधोमध उभे राहिले, आठ महिन्यांनंतर स्वतःचे स्वतः. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अंगद मात्र पुटपुटला, “उठले.”

खुर्ची ठरली. अंगद दुपारी टेम्पोतून पाठवणार होता. खुर्ची उलटी करून बैठकीच्या खालच्या लाकडी पट्टीवर खडूनं पत्ता लिहायची त्याची पद्धत, म्हणजे टेम्पोवाल्याची गफलत होत नाही. खडू हातात घेऊन त्यानं विचारलं, “कुठं पाठवायची?”

सुमितनं शब्द दिला होता, आणि गुरुजींनी त्याची अट पुरी केली होती. जड आवाजात तो म्हणाला, “लिहा. टेंभुर्णी, तालुका जाफ्राबाद…”

“थांब,” गुरुजी म्हणाले. ते सुमितकडं बघत नव्हते, अंगदकडंही नाही. “तिला विचार.”

“काय विचारू, पप्पा?”

“पत्ता. तिला विचार कुठं पाठवायची. ती सांगेल तोच लिहायचा.”

बेबीनंदाला आजवर कुणी पत्ता विचारला नव्हता. रेशनकार्डावर, मतदार यादीत, दवाखान्याच्या कागदावर ती गुरुजींच्या पत्त्यावर राहत आली होती. खडू धरलेला अंगद तिच्याकडं बघत होता. सगळेच बघत होते. तिला वाटलं, आता म्हणावं टेंभुर्णी. माणूस आठ महिने ज्याच्यासाठी घाम गाळत होता ते त्याला द्यावं. एवढा मोठेपणा त्यानं दाखवला, आपणही दाखवावा. शब्द ओठांपर्यंत आला होता.

“घर नंबर अकरा,” ती म्हणाली. “पाण्याच्या टाकीमागची गल्ली. नवीन जालना.”

अंगदनं अक्षर अक्षर लावून ते लिहिलं. गुरुजी मान हलवत ऐकत होते, पोरानं पाठ केलेलं म्हणून दाखवावं आणि मास्तरांनी ऐकावं तसे. त्यांचे डोळे भरून आले होते आणि पाणी दाढी केलेल्या गालावरून खाली येत होतं. ते पुसायला त्यांना हात नव्हता. उजवा काठीवर होता आणि डावा वर जात नव्हता.

बेबीनंदा जवळ गेली. भर दुकानात, परक्या माणसादेखत, तिनं पदराच्या टोकानं त्यांचे डोळे पुसले, आधी एक, मग दुसरा. अंगदनं खडू हातातच ठेवून तिच्याकडं परत एकदा बघितलं, काही बदलायचं असेल तर.

तिनं पत्ता तोच राहू दिला.